दुपारची सुटी रद्द

१ एप्रिल २०२४
आजपासून नवं आर्थिक वर्ष, म्हणून नवी डायरी. जुनी जानेवारीत सुरू केली होती, ती चार पानांत थांबली. दोष माझा नाही. आपल्या देशाचं खरं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

परवा नागपूरला उत्पादकतेवर एक दिवसाचं वर्कशॉप होतं. भुपेंद्रशेठना वेळ नव्हता, म्हणून त्यांच्या राईस मिलचा सुपरवायझर या नात्याने मी गेलो. वक्ते टाय लावून आले होते. म्हणाले, जग बदलतंय. कुठे युद्ध, कुठे मंदी, कुठे माणसासारखं डोकं चालवणारं मशीन. यातून जो देश माणशी जास्त काम काढेल तोच टिकेल. मग त्यांनी विचारलं, की तुमच्या कारखान्यातला सगळ्यात रिकामा तास कोणता? मला उत्तर लगेच आलं. हात वर केला. त्यांनी दुसऱ्याला विचारलं.

पर्यावरणाची स्लाइड राहून गेली. जेवण थंड होत होतं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. दुपारी न झोपणे. देशाची उत्पादकता आपल्या मिलपासून वाढवणे.

२ एप्रिल
साडेसातला उठलो. पण किती वाजता उठलो याला महत्त्व नाही, उठल्यावर काय केलं याला आहे. वर्कशॉपमध्ये तसंच सांगितलं. उठल्यावर पोहे खाल्ले.

४ एप्रिल
रिकामा तास म्हणजे काय ते लिहून ठेवतो. पुढे कोणी आमच्या मिलचा अभ्यास केला तर उपयोगी पडेल.

आमच्याकडे उसना तांदूळ निघतो. धान भिजवायचं, वाफेवर उकडायचं, मग सिमेंटच्या यार्डावर उन्हात पसरायचं. बायका अनवाणी पायांनी ते फिरवत राहतात. वाळलं की मशीनला. इथपर्यंत ठीक. पण बारा वाजले की सगळ्या जणी धान गोळा करून ढीग घालतात, ताडपत्री झाकतात आणि स्वतः मोहाच्या झाडाखाली आडव्या होतात. चार वाजता पुन्हा पसरतात. म्हणजे उन्हाचा जो सगळ्यात कडक माल, फुकट मिळणारा, तोच वाया!

तुळसाबाईला कारण विचारलं. ही यार्डावरच्या बायकांची मुकादम. ती म्हणाली, "दुपारी धान निजवाच लागते जी. नाही निजवलं तं दाण्याचा तुकडा पडते."

धान निजवणे! एकविसाव्या शतकात! लोक चंद्रावर पोचले आणि आम्ही धानाला अंगाई म्हणतोय.

राजकुमार तिथेच होता. माझा धाकटा भाऊ. बॉयलरपासून यार्डापर्यंत गरम धानाची गाडी ढकलतो. मीच त्याला चिकटवला. तो म्हणाला, "दादा, धानालेबी झोप लागते, मी तं माणूस आहो." बायका खूप हसल्या. हा दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकात बेवड्याची भूमिका करतो, तेव्हापासून त्याने नुसतं तोंड उघडलं तरी लोक हसतात. सुपरवायझरचा भाऊ म्हणून जरा तोल सांभाळावा, तर नाही.

१० एप्रिल
शेठना प्लॅन सांगितला. दुपारची सुटी बंद केली तर एका उन्हात जास्त धान वाळेल. शेठ मोबाईल बघता बघता म्हणाले, "गोपीचंदभाऊ, तुमको जो ठीक लगे." हा पूर्ण विश्वास आहे. असा विश्वास माणूस कमावतो, मिळत नाही.

कॅमेऱ्यालाही हो म्हणाले. तंत्रज्ञानाशिवाय उत्पादकता नाही.

१९ एप्रिल
मतदान. मिल बंद. देशाच्या प्रगतीत देशच सुटी घेतो, काय बोलणार. मत देऊन आलो आणि कूलरसमोर पडून पुढच्या आखणीचा विचार केला. चंद्रकांताने पाचला हलवलं आणि विचारलं, "विचार झाला का जी तुमचा? घोरून राहिले होते."

बायकोला मॅनेजमेंट समजावणं अवघड.

२४ एप्रिल
कॅमेरा लागला. आता केबिनमध्ये बसून अख्खं यार्ड दिसतं. माईकही आहे, इथून बोललं की तिकडे भोंग्यातून ऐकू जातं. पहिला संदेश मी स्वतः दिला: "उत्पादकता म्हणजे देशसेवा." तुळसाबाईने वर बघून पदर सारखा केला.

२५ एप्रिल
कॅमेरा दुपारी बंद पडला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, ते डिव्हाइस डायरेक्ट ऊन सहन करत नाही. त्याला शेड द्या." लगेच टिनाची शेड करून घेतली. आतून थर्माकोल. राजकुमारनेच शिट्टी वाजवत ठोकली. वर विचारतो, "दादा, त्याच्या बाजूले मी मावतो का?"

हसलो नाही. उपकरणाची काळजी हा गंभीर विषय आहे.

२ मे
नोटीस लावली. कालच लावणार होतो, पण काल कामगार दिन. कामगारांच्या भावनांचा मान ठेवला पाहिजे.

"दुपारची सुटी रद्द. धान ढिगात न घालता सलग फिरवावे. हुकमावरून." मोठ्याने वाचूनही दाखवली. तुळसाबाई म्हणाली, "वाचा जी तुमी. आमी झाडाखाली बसून आयकतो." आणि खरंच जाऊन बसल्या. सगळ्या. एकीने तर चप्पल उशाला घेतली.

यार्डात पसरलेलं धान, मी आणि राजकुमार. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मग त्याने डोक्याला दुपट्टा बांधला, लाकडी फावडं उचललं आणि एकटाच धान फिरवायला लागला. जाता जाता हळूच म्हणाला, "तुही इज्जत जाईन ना गा दादा."

यालाच नेतृत्व म्हणतात. एक माणूस तयार झाला की बाकीचे येतात.

६ मे
बाकीचे आले नाहीत. पण एका राजकुमारवर काम चाललंय, म्हणजे माणशी उत्पादन बघा! आज त्याला हिरवी टोपी दिली. पुढे "प्रॉडक्टिव्हिटी कॅप्टन" लिहून घेतलंय. व्हॉट्सअॅपवर "उत्पादकता परिवार" नावाचा ग्रुपही काढला. शेठ, मी, ऑफिसचे दोघे आणि राजकुमार.

टोपी घातल्यावर त्याने मला कडक सलाम ठोकला. सलामात किंचित चेष्टा होती. दुर्लक्ष केलं.

११ मे
उन्हाळी धान यायला लागलं. दारात ट्रॅक्टरांची रांग. यार्डावर रोज एक खेप जास्त वाळतेय. शेठ स्वतः केबिनमध्ये आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ये तो कमाल हो गया." घरी जाऊन चंद्रकांताला सांगितलं. ती म्हणाली, कमाल तुमची का राजकुमारची? तिला आखणी आणि अंमलबजावणी यातला फरक कळत नाही.

दुपारी न झोपण्याचा संकल्प बहुतेक पाळतोय. केबिनमध्ये कूलर आहे. त्याच्यासमोर डोळे आपोआप मिटतात, तो विषय वेगळा.

१५ मे
शालू म्हणजे राजकुमारची बायको. तिच्याकडून चंद्रकांतामार्फत तक्रार आली. (धाकट्याच्या बायकोने भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही, अशी आमच्या घरातली रीत. तिचं जे काही असतं ते भिंतीला वळसा घालून माझ्यापर्यंत येतं.) निरोप असा: "त्यायच्या पायाले रातभर गोळे येऊन राहिले. जेवण जाऊन नाही राहिलं. दुपारी सावलीत बसू द्या म्हणा."

चंद्रकांताला सांगितलं की पायात गोळे येणं ही स्नायू तयार होण्याची खूण आहे. हे कुठेतरी वाचलंय. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

तरी मी निष्काळजी नाही. आज राजकुमारला खिशात ठेवायला कांदा दिला. लू लागत नाही.

२० मे
मशीनवरचा ऑपरेटर म्हणतो, तांदळात तुकडा वाढलाय. यंदाचं वाणच कच्चं असणार. हवामानही बदललंय. जागतिक पातळीवर बदललंय, त्याला आमचं यार्ड काय करणार?

राजकुमारने आज पहिल्यांदा विचारलं, की दादा, बाया तं बसल्याच राह्यतात, मी कवाबसून बसू? म्हटलं, जूनपासून. पाऊस आला की यार्ड बंदच असतं. तो म्हणाला, "मंग हरकत नाही." त्याच्या ओठांना भेगा पडल्यात. सवय होईल.

२४ मे
घरी एक प्रसंग. मेघा म्हणजे राजकुमारची पोरगी, दुसरीत आहे. ती बापाच्या मांडीवर बसायला गेली आणि लगेच उठली. म्हणाली, "बाबा चुलीसारखा लागते." सगळे हसले. राजकुमारही हसला, पण थोडा उशिरा.

२७ मे
मोबाईलवर सरकारी संदेश: उष्णतेची लाट, दुपारी बाहेर पडू नये. रिकामटेकड्यांसाठी ठीक आहे. प्रत्येकाने असं घरात बसायचं ठरवलं तर देश कुठे जाईल?

सकाळी राजकुमार म्हणाला, डोकं जड आहे, आज सुटी घेऊ का. मी शांतपणे समजावलं. म्हटलं, आज तू बसलास तर तुळसाबाई काय म्हणेल? वीस-पंचवीस दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. त्याने चहा अर्धाच ठेवला. मग टोपी घातली.

२८ मे, दुपारी दोनच्या सुमारास
आज राजकुमार फॉर्मात! कॅमेऱ्यावर बघतोय. फावडं एकीकडे, पाय दुसरीकडे. डावीकडे झुकतो, सावरतो, की लगेच उजवीकडे. मधेच हवेत हात करून कुणाशी तरी बोलतो. हुबेहूब मंडईतला बेवडा! काल तोंड पाडून बसला होता, आज मूड आला बघा. मोबाईलवर क्लिप घेतली आणि ग्रुपवर टाकली. वर लिहिलं: "कडक उन्हातही कामाचा आनंद!" शेठचा अंगठा लगेच आला.

अडीच
बसला. माईकवरून सांगितलं, "राजकुमार, पुरे आता, उठ." उठला नाही. याचं नेहमी असंच, टाळी मिळाली की प्रवेश लांबवतो.

अडीचनंतर
आडवा झाला. पुन्हा सांगितलं. आता झाडाखालून बायका का पळताहेत

२९ मे, नागपूर
काल त्याला आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काखेत, मानेजवळ बर्फ ठेवला आणि नागपूरला पाठवलं. सध्या आयसीयूत. घाबरण्यासारखं नसावं. सोमवारपर्यंत कामावर येईल असा माझा अंदाज.

यार्डावर बायकांनी त्याच्यावर घागरी ओतल्या होत्या. मी पोचलो तेव्हा त्याचं अंग भिजलेलं होतं आणि तरी हात ठेववत नव्हता. डोळे उघडे होते. मी म्हटलं, राजकुमार, बस झालं नाटक. तुळसाबाईने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावर आणखी एक घागर ओतली.

इथले डॉक्टर विचारत होते, किती वेळ उन्हात होता, कशासाठी होता. मी म्हटलं, ड्युटी होती. तेवढ्यात शालू माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्यासमोर बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "डॉक्टरसाहेब, यायनं उभं केलं होतं त्यायले. यायले विचारा." डोक्यावर पदर नव्हता.

डॉक्टरांना मी सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या मी केबिनमध्ये होतो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

क्लिप ग्रुपवरून काढायची राहिली. आता काढली, पण उपयोग नाही. कुणीतरी ती गावच्या ग्रुपवर पुढे पाठवली आहे. खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकलीत. मग हळूहळू ती थांबलेली दिसतात.

३ जून
सोमवार. आला नाही. अजून डोळे उघडून बघतो, ओळखतो की नाही ते समजत नाही. पुढचा सोमवार धरू.

७ जून
मिलवर जाऊन आलो. शेठनी मीटिंग घेतली. गावात चर्चा आहे, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट केलं, की दुपारचा हुकूम मिलचा नव्हता, गोपीचंदभाऊंचा स्वतःचा होता. भावाने भावाला सांगितलं, घरचा मामला. इतक्या वर्षांत शेठनी पहिल्यांदा माझ्या कामाचं श्रेय चारचौघांत मला दिलं.

घरी आल्यावर हे चंद्रकांताला सांगितलं. ती ताट वाढत होती. वाढायची थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "तुमाले खरंच समजत नाही का जी?" मग पुन्हा वाढायला लागली.

वरण आळणी होतं. मीठ घेतलं.

१२ जून
एक गोष्ट फक्त इथे लिहितो. हिशोब केला तर मे महिन्यात यार्डावरचं माणशी उत्पादन आजवरचं सर्वांत जास्त आहे. अठ्ठाविसाव्या तारखेपासून तर आणखी वाढलं, कारण माणूस एक कमी झाला. आकडा चुकलाय का म्हणून पुन्हा केला. बरोबर आहे.

त्यानंतर झोप आली नाही. उकाडा फार आहे.

१८ जून
सरकारी गोदामातून तांदळाच्या गाड्या परत आल्या. तुकडा ठरल्यापेक्षा खूप जास्त. ज्या खेपा दुपारी न निजवता वाळवल्या त्याच सगळ्या. शेठ केबिनमध्ये आले, मूठभर तांदूळ टेबलावर टाकला. म्हणाले, "ये देख लो तुम्हारा कमाल." एकही दाणा अख्खा नव्हता म्हणणं अतिशयोक्ती होईल. काही होते.

दुपारची सुटी पुन्हा सुरू. माझी नोटीस कुणी काढली माहीत नाही. चूल पेटवायला वापरली असं ऐकतो.

२२ जून
राजकुमार घरी आला. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं, पण तापाने मेंदूतला, शरीराचा तोल सांभाळणारा भाग भाजला आहे. चालताना आधार लागेल. बोलणं जड राहील. किती सुधारेल ते सांगता येत नाही.

डॉक्टर लोक नेहमी वाईट तेच सांगतात, म्हणजे नंतर थोडं बरं झालं की श्रेय त्यांना. मी टाइमटेबल केलं आहे. सकाळी सहाला उठणे, अंगणात फेऱ्या, मग जोरात अक्षरं म्हणणे. तीन महिन्यांत पूर्ववत.

३० जून
टाइमटेबलप्रमाणे फेऱ्या घेतल्या. दुसऱ्याच फेरीत तो तुळशीवृंदावनावर पडला. पाऊस होता, अंगण ओलं होतं, म्हणून. कपाळाला टाके पडले. शालूने टाइमटेबल भिंतीवरून काढलं. फाडलं नाही. घडी घालून माझ्या जेवणाच्या ताटाखाली ठेवलं.

आता ती माझ्याशी बोलत नाही ते रीत म्हणून नाही, एवढं मला कळतं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला राजकुमारला खुर्चीत बसवून शाळेपाशी नेलं. राष्ट्रगीताला तो उठायचा प्रयत्न करत होता. मी खांदा दाबून बसवलं. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की देश वेगाने पुढे चाललाय. टाळ्या झाल्या. त्यानेही वाजवल्या, पण तळहात एकमेकांना सापडत नव्हते.

१४ ऑक्टोबर
मिलमध्ये ड्रायर येतोय! धान आता यार्डावर वाळणार नाही, उंच लोखंडी पेटीत गरम हवेवर वाळेल. ऊन नको, पाऊस अडवणार नाही. हेच तर मी एप्रिलपासून सांगत होतो, म्हणजे याच दिशेचं सांगत होतो. आता प्लँट मॅनेजर लागेल. शेठ मला बोलले नाहीत, पण दुसऱ्या कुणाला बोलणार?

२४ नोव्हेंबर
गावची मंडई. राजकुमारला नाटक बघायला पुढे बसवलं. बेवड्याची भूमिका यंदा नव्या पोराने केली. चांगली केली. झुकत होता, सावरत होता. लोक पोट धरून हसत होते. मग पुढच्या रांगेत बसलेल्यांच्या लक्षात आलं आणि एकेक जण गप्प झाला. शेवटी पूर्ण मांडवात एकटा राजकुमार हसत होता. त्याचं हसणं आता लवकर थांबत नाही.

मी मधेच उठून आलो. थंडी होती.

१० डिसेंबर
ड्रायर बसला. रायपूरहून आलेला टेक्निशियन समजावत होता. आत एक मोठा रिकामा कप्पा आहे. धान थोडं तापलं की त्या कप्प्यात जातं आणि तिथे नुसतं पडून राहतं. मग पुन्हा गरम हवेवर. मी विचारलं, हा वेळ वाया नाही का जात? तो म्हणाला, "नाही सर, धानाला रेस्ट द्यावीच लागते. नाहीतर तुकडा पडतो. याला टेम्परिंग म्हणतात."

अत्यंत आधुनिक संकल्पना. टिपून घेतली.

६ जानेवारी २०२५
यार्डावरच्या सगळ्या बायकांना कामावरून कमी केलं. तुळसाबाईची टोळी मिरची तोडायला तेलंगणात निघाली. दर वर्षी पुष्कळ जणी जातात, यंदा आमच्या मिलच्याही. शालू त्यांच्यासोबत गेली. एप्रिलअखेर परत येईल. जाताना मेघाला चंद्रकांताजवळ बसवून एकेक गोष्ट सांगत होती: बाबाला घास बारीक कर, पाणी चमच्याने दे, चमचा त्याच्या हातात देऊ नको. मी दारातच उभा होतो. मला काही सांगितलं नाही.

गाडी आली तेव्हा राजकुमारने ओट्यावरून हात हलवायला उचलला. हात भलतीकडेच गेला.

१७ फेब्रुवारी
शेठनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ते म्हणाले, ड्रायर रायपूरवाला पोरगा मोबाईलवरून बघतो, यार्ड राहिलं नाही, यार्डावर बायका नाहीत, मग सुपरवायझर कशाचा? आकडेही दाखवले. माणशी उत्पादन कितीतरी पटीने वाढलंय. देशाला असंच हवं आहे.

मी म्हटलं, अभिनंदन. शेठनी हात मिळवला. केबिनमधला कूलर त्या रायपूरवाल्या पोराने आपल्याकडे वळवून घेतला होता.

१८ फेब्रुवारी
घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही नक्की नाही. रोजच्या वेळेला डबा घेऊन निघालो, साकोलीला गेलो. बसस्टँडवर बसून आसपासच्या व्यवसायांचं निरीक्षण केलं. यातून कन्सल्टन्सी उभी राहू शकते. पाचच्या गाडीने परत.

११ मार्च
फिल्डवर्क सुरू. बसस्टँडवरचा चहावाला माणशी फार कमी काम काढतो. त्याला काही सूचना केल्या. तो म्हणाला, "काका, रोज रोज कुठं जाऊन राहिले तुमी? गाडी तं पकडत नाही." दुसऱ्या बाकावर बसायला लागलो. तिथे ऊन येतं.

२९ मार्च
दोन मिलमध्ये चौकशी केली. दोन्हीकडे ड्रायर. एकाने नाव विचारलं, मग म्हणाला, "ते क्लिपवाले का?"

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला प्रयत्न करणार. तिथे स्कोप जास्त.

११ एप्रिल
ऊन आत्ताच मे महिन्यासारखं झालंय. सकाळी चंद्रकांताने डबा हातात दिला. मेघा शाळेत गेली होती. राजकुमार ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. मी चपला घातल्या तसा तो काहीतरी बोलला.

समजलं नाही. पाणी हवं असेल म्हणून चमच्याने पाजलं. पुन्हा तेच बोलला. आत नेऊ का विचारलं, मान हलवली, नाही. उशी सारखी केली. तेही नाही. त्याचा चेहरा लाल झाला, तोंडातून शब्द ओढून काढत होता. मी वैतागलो. म्हटलं, उशीर होतोय रे मला, मिलची गाडी निघून जाईल. त्याने माझा शर्ट धरला. बोटं सटकत होती, तरी पुन्हा पुन्हा धरत होता. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"दादा, मिल नाही. माहीत आहे मले." मग दम घेतला. "ऊन लय आहे. नोको जाऊ."

चपला काढल्या. त्याच्या बाजूला बसलो.